हातात राहील अशी वडी

मुलगा – सगळ्याच बाटल्या काढल्यास? आईचीसुद्धा?

सून – सगळ्याच. अंगाची, केसांची, बेसिनवरची हात धुवायची. तुमच्या प्रवासाच्या बॅगेत एक लपून बसली होती, तीही.

मुलगा – मग आता अंघोळ कशानं करायची? सुविचारांनी?

सून – ह्या वड्यांनी. कोपऱ्यावरचा साबणवाला मोठ्या लादीतून तारेनं कापून देतो. वर साधा कागद गुंडाळतो, बस.

सासू – अगं, मला कुणी सांगेल का काय चाललंय? खांद्यावर टॉवेल टाकून केव्हाची उभी आहे. बघते तर कोनाडा मोकळा! मला वाटलं घरात चोर शिरला आणि नेण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून साबण घेऊन गेला.

मुलगा – चोर घरातलाच आहे, आई. तुझी सून.

सून – आई, तुम्ही बसा इथं खुर्चीवर. तुमच्यासमोरच बोलते. अहो, हे ओळखता का?

मुलगा – पंप आहे. बाटलीवरचा.

सून – कुणाचा?

मुलगा – आमचाच. कॉलरवरच्या ह्या तिरक्या रेघा आमच्या साच्याच्या आहेत. तुला कुठं मिळाला?

सून – कुठं मिळणार? आमच्या कचरा निवडायच्या पट्ट्यावर. सगळं गाव वापरून फेकतं आणि आमच्या शेडमध्ये ते माझ्यापुढून सरकत जातं. तुम्ही कारखान्यात काढलेली वस्तू फिरून फिरून माझ्याच हातात येते, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सासू – बघा, देवानं जोडी कशी जुळवलीय. एक घडवतो, दुसरी वेचते.

सून – आई, हसू नका हो. बाटली जाते, तिला गिऱ्हाईक आहे. ती वितळवतात. हा पंप कुणी घेत नाही. ह्याच्या पोटात लोखंडाची स्प्रिंग, काचेची गोळी आणि निरनिराळ्या जातीचं प्लॅस्टिक. वेगळं करायचं तर पक्कड लावून फोडावा लागतो. आमच्या शेडवरच्या मावशी आहेत ना, सगळ्यांत थोरल्या, त्यांनी परवा असाच एक फोडला. स्प्रिंग उडाली ती थेट डोळ्यात.

सासू – अगं आई गं! डोळा?

सून – राहिला. पण दिव्याकडं बघितलं की दिव्याभोवती खळं दिसतं म्हणतात. आणि एका बाजूचं सगळं धुरात असल्यासारखं.

मुलगा – वाईट झालं. पण त्यांनी चष्मा लावायला नको का? काम करताना चष्मा लागतोच. आमच्याकडंही लागतो.

सून – होता. घामानं काच धुरकटते म्हणून कपाळावर चढवला होता. मुकादमही तेच म्हणाला, चूक तुमचीच. म्हणू दे. मी खाली वाकून तो फुटलेला पंप उचलला आणि बघते तर ह्या रेघा. नवा साचा आला त्या संध्याकाळी तुम्ही एक नमुना घरी आणला होता. मला किती कौतुकानं दाखवला होतात, बोट फिरवून फिरवून.

मुलगा – म्हणजे मावशींच्या डोळ्यात स्प्रिंग मी घातली?

सून – असं मी म्हटलेलं नाही.

मुलगा – म्हणायचं बाकी काय ठेवलंस?

सून – तुमच्या नोकरीबद्दल मी बोलत नाही. घर तिच्यावर चालतं, मला कळतं. मी माझ्या बाथरूमपुरतं बोलतेय.

मुलगा – आपण तीन माणसं. आपल्या घरातला पंप बंद झाला तर तुझा पट्टा थांबणार आहे?

सून – नाही थांबणार. पण उद्या पट्ट्यावर जो पंप येईल तो माझ्या घरातला नसेल. मला तेवढं पुरे.

मुलगा – एकदा का हिच्या डोक्यात काही शिरलं!

सासू – झालं तुमचं दोघांचं? मग आता माझं ऐका. हा माझा उजवा हात बघ, पोरी. झटका आला तेव्हापासून हा नुसता सोबतीला असतो. मी कोपरानं पंप दाबते, डाव्या हातात साबण घेते आणि माझी अंघोळ होते. ही वडी मी कशानं धरू? दातांनी?

सून – मी येत जाईन की आत. साबण मी लावून देईन.

सासू – नाही.

सून – आई, त्यात लाजायचं काय...

सासू – नाही म्हटलं ना. केस तू विंचरून देतेस, चपलेचा पट्टा हा लावून देतो, ब्लाउजचे हूक तू लावतेस. आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवले मी आणि आता स्वतःचा हूक लागत नाही. तरी सगळं मुकाट्यानं घेतलं. पण बाथरूममध्ये मी एकटी जाणार आणि एकटीच बाहेर येणार. आता तेवढी एकच खोली माझी राहिलीय.

मुलगा – ऐकलंस? आण ती बाटली परत.

सून – तुमची खोली मी घेणार नाही, आई. पण बाटलीही येणार नाही. काहीतरी वाट निघेल. काढूच.

सासू – लोक म्हणतात, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तुझ्या साबणाचं त्याहून वाईट. त्याला धरलं तरी पळतंय.

*

मुलगा – ही वडी कुणाची? हिला केस चिकटलाय.

सून – लांब आहे का आखूड?

मुलगा – ते बघायला मी हातात घेतली नाही.

सून – तुमची ती हिरवट, खिडकीतली. माझी आरशाखालची. आईंची मधली. कालच सांगितलं होतं.

मुलगा – आरशाखालच्या तुझ्या वडीचा चिखल झालाय. सगळी पाण्यात बसलीय. आणि फरशीवर पांढरा थर धरलाय तो वेगळाच.

सून – आपलं पाणी जड आहे, क्षारांचं, त्यात साबणाचा थर धरतो. रोज घासायला लागेल. आणि वडीला खालून वारा पाहिजे. फळीच्या दोन पट्ट्या ठोकून द्या ना, मध्ये फट ठेवून.

मुलगा – म्हणजे कारखान्यात आठ तास प्लॅस्टिक, घरी येऊन सुतारकाम.

सून – मग मी ठोकते. हातोडी कुठाय?

मुलगा – राहू दे. मागच्या वेळी तू कपडे वाळवायच्या दोरीचा खिळा ठोकलास आणि शेजारच्यांचा आरसा खाली आला. मीच करतो. आईच्या नव्या वडीला दोरी लावायचीही राहिलीय.

सासू – लावू नकोस. परवा भोक पाडलंस, दोरी ओवलीस, गळ्यात घातलीस. शॉवरखाली भिजून भिजून दोन दिवसांत वडीचे दोन तुकडे झाले. दोरी तेवढी गळ्यात राहिली. आरशात बघितलं तर सुटून आलेल्या गाईसारखी दिसत होते.

सून – मग भिंतीवर बसवायची? हात फक्त तिच्यावर फिरवायचा. धरायला नको.

मुलगा – खाच पाडून लाकडात बसवता येईल. बघतो.

सासू – तू तर विरोधात होतास ना रे?

मुलगा – अजूनही आहे. पण करायचं तर नीट तरी करू. अर्धवट काम मला बघवत नाही.

सून – आई, त्यांनी ठोकेपर्यंत मी आत येऊ का? नुसती दाराशी उभी राहीन. पाठ करून.

सासू – पाठ करून उभं राहायला मी काय राजवाड्यातली राणी आहे? जा, तुझ्या कामाला उशीर होतोय. डाव्या हातानं धरून बघते मी.

*

(बाथरूमचं दार आतून बंद. मुलगा आणि सून बाहेर.)

मुलगा – आई! आई, काय पडलं? आई!

सासू – मी.

सून – अहो, दार!

मुलगा – बाजूला हो. लाथ घालतो.

सासू – खबरदार! दार तोडलंस तर तंगडं मोडीन. माझ्या अंगावर चिंधी नाहीये.

मुलगा – आई, आत्ता ते महत्त्वाचं आहे का?

सासू – तुला नसेल. मला आहे. थांब जरा. टॉवेल ओढते.

सून – आई, कुठं लागलंय? डोक्याला लागलं का? कमरेला?

सासू – बुडाला. डाव्या हातात घेतली वडी, ती सटकली. पकडायला वाकले, उजव्या हाताला भिंत धरायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. आणि ती बया अजून त्या कोपऱ्यात फिरतेय गोल गोल. बघतेय माझ्याकडं.

सून – शॉवर बंद करता येतोय का?

सासू – वर आहे तो. मी खाली आहे. पोहोचले असते तर उठले नसते का?

मुलगा – कडी उचलतो मी. तुझी लोखंडी पट्टी दे, फूटपट्टी, काहीही. फटीतून सरकेल.

सून – ही घ्या. आई, थंड वाजतंय का? बोलत राहा. बोला काहीतरी.

सासू – काय बोलू? अगं, इथून छत किती लांब दिसतं. जळमटं आलीत, कुणी काढलेली नाहीत.

सून – काढते. आज काढते.

मुलगा – लागली पट्टी... आली... उचलली. आई, मी आत येत नाही. ही येतेय. मी तोंड फिरवलंय.

सासू – डोळेही मीट.

मुलगा – मिटले.

सून – आई... आई, हळू. माझ्या गळ्यात हात टाका. हा, तोच. नसू दे जोर. मी धरलंय.

सासू – अगं, तू रडतेस कशाला? पडले मी की तू?

*

मुलगा – कालचा एक्स-रे साफ आहे. मुका मार आहे, चार दिवस शेकायचं म्हणाले डॉक्टर. हाड मोडलं असतं म्हणजे?

सून – माहितीय.

मुलगा – नुसतं माहितीय म्हणू नकोस. मावशींच्या डोळ्यासाठी तू माझ्या आईची कंबर पणाला लावलीस.

सून – तेही माहितीय. म्हणून तर ही आणली. दुकानातून येताना. आईंची नेहमीची, पंपवाली. माझी हौस त्यांच्या हाडांवर नको. हरले मी. जाऊन कोनाड्यात ठेवते.

सासू – काय ठेवतेस गं? इकडं आण बघू.

सून – तुमची बाटली, आई. तुम्ही पडून राहा, उठू नका.

सासू – दुकानात ओळखीचं कुणी भेटलं?

सून – गल्ल्यावरच ओळखीच्या बाई असतात. त्या म्हणाल्या, काय हो, वड्यांचं खूळ उतरलं वाटतं?

सासू – मग तू काय सांगितलंस?

सून – म्हटलं, सासूबाईंसाठी नेतेय.

सासू – ते बाई मला चालायचं नाही.

मुलगा – काय चालायचं नाही?

सासू – माझ्या नावानं. ह्या घरात बाटली परत आली, कशी आली? म्हातारीमुळं आली. आता जन्मभर तेच. पाहुणा आला की, आम्ही बंद केल्या होत्या हो, पण आमच्या आईंचा हात... झटका आला तेव्हापासून ह्या हातावर लोकांनी खूप काही घातलंय. गावाला गेलो नाही, आईंचा हात. घर बदललं नाही, आईंचा हात. त्यात आता ही बाटली नको. परत करून ये.

मुलगा – आई, हट्ट करायचं वय आहे का हे?

सासू – मग कधीचं असतं? तरुणपणी सवड नव्हती, शिलाया होत्या.

सून – पण आई, तुम्हीच तर म्हणत होता, दातांनी धरू का.

सासू – म्हटलं होतं. तेव्हा तुझ्या मावशींना मी बघितलं नव्हतं. आज दुपारी तुम्ही दोघं कामावर असताना त्या येऊन गेल्या. मला बघायला. शेडवरच्या कुणीतरी सांगितलं म्हणे, पडले म्हणून.

सून – मावशी आल्या होत्या? एकट्या?

सासू – एकट्या. रिक्षातून. बोलघेवडी बाई आहे. आम्ही दोघी छान हसलो. ती म्हणाली, तुमचा हात आणि माझा डोळा मिळून एक धड माणूस होईल. शेजारणीनं चहा करून दिला. पिऊन झाल्यावर तिनं कप ठेवला. टेबलाच्या बाहेर.

मुलगा – बाहेर म्हणजे?

सासू – बाहेर म्हणजे बाहेर. टेबल इथं, तिनं कप ठेवला इथं. हवेत. फुटला. ती खाली बघतच राहिली. मग म्हणाली, तुमचं टेबल जरा आखूड आहे का हो? मी म्हटलं, हो, आखूडच आहे. सगळेच चुकतात.

सून – त्या तर शेडवर निरोप धाडतात, बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात येते कामावर.

सासू – म्हणणारच. मीही म्हणत होते, हाताला मुंग्या येतात एवढंच. तेव्हा आता ऐका. मी पडले ते साबणानं पडले नाही. चुकीच्या तऱ्हेनं धरला म्हणून पडले. कापड चुकीचं कापलं गेलं तर आपण कापडाला शिव्या देत नाही. पुन्हा माप घेतो.

मुलगा – आणि पुन्हा पडलीस तर?

सासू – तुला आधाराचा दांडा बसवायला कुणी मनाई केलीय का? लोखंडाचा बसव. चांगला जाडजूड. आणि त्या फरशीचं काहीतरी कर. माझ्या पडण्याची काळजी करतोस ती हातानं कर, तोंडानं नको.

मुलगा – ही तुझ्यासारखी होतीय की तू हिच्यासारखी, तेच कळेना मला.

सासू – पोरी, माझ्या मशीनवरचं कापड काढ. आणि तो जुना टॉवेल आण, विरलेला. नवा नको, नवा पाणी धरून ठेवतो.

*

सून – इथून शिलाई मारू?

सासू – तिथून नाही, अर्धं बोट आत. अंगठ्याला जागा सोड. हां. पाय हळू चालव, ते मशीन आहे, चोराच्या मागं लागलेली मोटार नाही.

सून – हातमोजाच करायचा ना?

सासू – हातमोजा, पण तळव्याला खिसा. वडी खिशात जाईल. हात मोज्यात जाईल. मनगटाला पट्टी बांधली की संपलं. मग धरायचं कुणी? कुणीच नाही. सगळा विचारच चुकला होता आपला. धरायचं कसं, धरायचं कसं. ज्या हाताला धरता येत नाही त्याला धरायला कशाला सांगायचं? त्याला नुसतं फिरायला सांगू.

सून – थांबा... म्हणजे हा मोजा उजव्या हाताचा?

सासू – मग? डाव्या हाताला शिवतेय असं वाटलं तुला? डावा बिचारा सगळं करतो. खांदा उचलता येतो मला उजवा. बोटं वळत नाहीत एवढंच.

मुलगा – मनगटाच्या पट्टीला हे घ्या. कारखान्यातून आणलंय. चिकटणारी पट्टी आहे, एका हातानं लागते.

सून – कशाची आहे?

मुलगा – नायलॉन.

सून – अहो!

मुलगा – एवढीशी पट्टी!

सासू – ही प्लॅस्टिक दारातून बाहेर टाकतेय आणि तू खिडकीतून आत आणतोस. सुती नाडी लाव. एक टोक शिवून टाक, दुसरं मी दातांनी ओढीन. दातांचा उपयोग शेवटी झालाच बघ.

मुलगा – बरं. नाडी. दांडा बसवलाय, लोंबकळून बघितलं मी. फरशीवर लाकडी पाट टाकलाय फटींचा, त्याच्यावरून पाय सरकत नाही. कडीही बदलली. आतून लागेल, पण बाहेरून नाणं घालून फिरवली की उघडेल.

सासू – तुझी नाणी तुझ्या खिशात राहू देत.

मुलगा – राहतील. गरज पडली तरच.

सून – आज जेवताना ताटात बोटानं रेघा ओढत होता तुम्ही. काय झालं?

मुलगा – काही नाही. साचा बनवणाऱ्याशी बोललो.

सून – कशाबद्दल?

मुलगा – कॉलरबद्दल. खाली एक कमकुवत रेघ ठेवली तर पंप हातानं पिळला की उघडेल. पक्कड लागणार नाही. स्प्रिंग आत बसलेलीच राहील, उडणार नाही. त्याला चित्र काढून दाखवलं.

सून – काय म्हणाला?

मुलगा – बघू म्हणाला.

सासू – बघू म्हणजे नाही.

मुलगा – माहितीय मला. पुन्हा विचारीन. वरच्यांनाही विचारीन. हसले तर हसले. पण हे बघ, उद्या सकाळी मी जाऊन पंपच काढणार आहे. ते काही बदललेलं नाही.

सून – मीही उद्या जाऊन तेच निवडणार आहे. मावशींची जागा मी घेतलीय, त्या येईपर्यंत.

मुलगा – पक्कडवाली जागा? मला का नाही सांगितलंस?

सून – आत्ता सांगितलं.

मुलगा – चष्मा कपाळावर चढवायचा नाही.

सून – नाही.

मुलगा – घाम आला तरी.

सून – नाही म्हटलं ना.

सासू – अरे, तिला सोड आणि तुझी ती वडी आण बघू खिडकीतली. घालून बघू. ...हं. जातेय. अंगठा अडकतोय जरा. उसव इथं, पोरी.

*

सून – पहिल्या मोज्याला वास यायला लागला, आणि भिजला की तो जड होऊन हात वर जाईना, म्हणून आईंनी काल दुसरा शिवायला लावला. पातळ कापडाचा. एक अंगावर, एक दोरीवर. आज पहिल्यांदाच घातलाय हा.

मुलगा – किती वेळ झाला आत जाऊन?

सून – आत्ताच तर गेल्या.

मुलगा – आवाज येत नाहीये.

सून – पाण्याचा येतोय.

मुलगा – पाण्याचा नाही. तिचा.

सून – अंघोळ करताना बोलतं का कुणी?

मुलगा – ती बोलते. लहानपणापासून ऐकत आलोय. गिऱ्हाइकांना शिव्या देते आत. आई!

सासू – काय रे?

मुलगा – काही नाही. ठीक आहे ना?

सासू – गप्प बस जरा. मोजतेय.

मुलगा – काय मोजतेस?

सासू – कुठंपर्यंत पोहोचतो ते. मनगट झालं. कोपर झालं... अगं पोरी!

सून – काय झालं, आई? येऊ का?

सासू – येऊ नकोस. ऐक नुसतं. उजव्या हातानं डावा हात धुतला मी. खांद्यापर्यंत.

सून – खांद्यापर्यंत?

सासू – काखेतसुद्धा. हा डावा माझा इतके दिवस सगळ्यांचं करत होता. ह्याचं कुणी करत नव्हतं. नुसतं पाणी सोडायचं ह्याच्यावर आणि पुसून टाकायचं. आज फेस आलाय. बरा दिसतोय गं फेसात.

मुलगा – वडी सटकली नाही ना?

सासू – कुठं जाईल? खिशात आहे. पाठीला जमणार नाही मात्र. मानेच्या मागं जमेल, वाकवून. थांब. ...हं. जमलं.

सून – आई, दांडा धरलाय ना?

सासू – डाव्यानं धरलाय. त्याला आता तेवढंच काम.

मुलगा – चल, शॉवर बंद करायला सांग तिला. थंडी वाजेल.

सून – मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.

मुलगा – आई! आवर आता. मला शिफ्टला उशीर होतोय.

सासू – मग दाराशी उभे कशाला राहिलात दोघं? जा कामाला. मला अजून वेळ लागेल.